निवासी डॉक्टरांची धुरा

पुणे

चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. येत्या १ जुलैपासून तुमच्या इस्पितळातील मनोविकारशास्त्राच्या निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे संचालकपद तुझ्याकडे येत आहे हे वाचून घरातील सर्वांस आनंद झाला. आणि त्या आनंदातच न रमता हे काम कसे करावे असे तू मला विचारलेस, याचा मला त्याहूनही अधिक संतोष वाटला. मी ज्या काळात व ज्या देशात शिकवले, तेथे प्रोग्रॅम डायरेक्टर या नावाचा हुद्दाच नव्हता. विभागप्रमुख हाच गुरू, तोच प्रबंधाचा मार्गदर्शक, बहुधा तोच परीक्षक आणि वॉर्डाचा कारभारीही तोच, त्यामुळे त्याच्याकडून अन्याय झाला तर विद्यार्थ्याने दाद मागावी कोठे, या प्रश्नाला उत्तर नसे. तुमच्याकडे अमेरिकेत विभागाचा अध्यक्ष वेगळा आणि प्रशिक्षणाचा संचालक वेगळा, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते, आणि या वाटणीतून तुझ्यावर जे दायित्व येते त्याविषयीच मला काय ते लिहायचे आहे.

इस्पितळाच्या दृष्टीने निवासी डॉक्टर म्हणजे रात्रपाळीला उभा राहणारा, इमर्जन्सीत पहाटे तीन वाजता आणलेल्या रुग्णाला तपासणारा, दाखल करण्याचे आणि घरी सोडण्याचे कागद वेळेवर पुरे करणारा माणूस होय. ही दृष्टी दुष्टपणाची नव्हे. रुग्ण दारात उभे असतात आणि कोणीतरी त्यांना पाहिलेच पाहिजे. परंतु तो माणूस मुळात शिकण्यासाठी आला आहे, आणि तो शिकला नाही तर पुढची तीस-पस्तीस वर्षे त्याच्या हाताखालून जाणाऱ्या रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागेल, ही गोष्ट नित्य ध्यानात ठेवण्यासाठी ज्या एका व्यक्तीची नेमणूक झालेली असते ती व्यक्ती तू आहेस. विभागाच्या बैठकीत जेव्हा एखादा नवा वॉर्ड निवासी डॉक्टरांच्या भरवशावर उघडण्याचा ठराव येईल, तेव्हा 'त्यांना तेथे शिकवणार कोण आणि केव्हा' हा प्रश्न इतर कोणाच्याही तोंडून निघणार नाही. तो तूच विचारायचा आहेस, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहायचा आहेस.

१९८४ साली न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात एका तरुण मुलीचा मृत्यू झाला आणि तिच्या वडिलांनी ते प्रकरण लावून धरले; त्यातून त्या राज्यात १९८९ मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली आणि २००३ पासून आठवड्याला ८० तासांचा नियम साऱ्या अमेरिकेत लागू झाला, हा इतिहास तुला ठाऊकच आहे. त्याच नियमावलीच्या तुमच्या शास्त्रापुरत्या भागात आणखी एक कलम आहे: प्रत्येक निवासी डॉक्टराला आठवड्यातून किमान दोन तास सुपरव्हिजन मिळाले पाहिजे, आणि त्यांपैकी एक तास त्याचा एकट्याचा असला पाहिजे. ८० तासांवर सर्वांचा पहारा असतो, कारण त्यांची हजेरी मांडता येते. हा एक तास मात्र कागदावर भरलेला आणि प्रत्यक्षात चोरीला गेलेला असा राहू शकतो, आणि त्याची फिर्याद करायला कोणी येत नाही. माझे अर्धे पत्र या एका तासासाठीच आहे असे समज.

त्या तासात काय घडते ते तुला सांगायला नको, पण ज्यांना तू सुपरव्हायझर म्हणून नेमशील त्यांना पुष्कळदा सांगावे लागेल. निवासी डॉक्टर मुलाखतीनंतर आठवणीने लिहून काढलेले संभाषण घेऊन येतो. एका ओळीत रुग्ण बाई आपल्या गेलेल्या मुलाचे नाव घेते. पुढच्याच ओळीत डॉक्टरने तिला झोप कशी लागते असे विचारलेले असते. अनुभवी सुपरव्हायझर त्या दोन ओळींच्या मध्ये बोट ठेवतो आणि विचारतो, "तिने नाव घेतले तेव्हा तुम्हांला काय झाले?" तो तरुण आधी औषधाच्या मात्रेविषयी बोलतो, मग थोडा गप्प राहतो, आणि मग म्हणतो की आता ही बाई रडू लागेल याची मला भीती वाटली. या उत्तरानंतर तो जे शिकतो ते ग्रंथालयातल्या कोणत्याही ग्रंथातून शिकता येत नाही. आणि हे उत्तर यायला चाळीस मिनिटे लागतात. दहाव्या मिनिटाला पेजर वाजला तर ते येतच नाही. म्हणून त्या तासापुरता पेजर दुसऱ्याच्या हाती देण्याची लेखी व्यवस्था कर, तिची नोंद वेळापत्रकात कर, आणि ती मोडणारा कोणीही असो, अगदी अध्यक्ष असला तरी, त्याच दिवशी त्याच्याकडे जाऊन बोल.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स मेंटल हेल्थ सेंटरमध्ये एल्व्हिन सेमरॅड यांनी १९७६ साली निधन होईपर्यंत निवासी डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. त्यांनी लिहिले थोडे. ते शिकवीत ते सर्वांसमक्ष रुग्णाशी बोलून. ज्या रुग्णाशी संभाषण अशक्य असे वॉर्डाने ठरवून टाकलेले असे, त्याच्यासमोर ते बसत, त्याच्या दुःखाच्या ठिकाणापर्यंत त्याच्याबरोबर जात, आणि भोवती बसलेल्या तरुणांना कळे की वेड्या म्हटल्या गेलेल्या माणसाजवळही असे बसता येते. त्यांच्या मृत्यूनंतर शिष्यांनी त्यांची वचने जमवून १९८० मध्ये पुस्तक काढले, यावरून त्या प्रभावाची कल्पना येते. लंडनच्या मॉड्स्ली इस्पितळातील सर ऑब्रे लुइस यांची रीत अगदी निराळी. १९४६ पासून १९६६ पर्यंत ते तेथे प्राध्यापक होते. पुराव्यावाचून केलेले विधान ते क्षणभर टिकू देत नसत, आणि त्यांच्यापुढे केस मांडताना भल्याभल्यांचे पाय लटपटत. तथापि त्यांच्या शिष्यांनी देशोदेशींची अध्यासने भूषविली. दोघांत मी कोणाच्या बाजूचा असे विचारशील, तर संशयाची शिस्त लुइस यांच्याकडून घ्यावी, परंतु दरारा घेऊ नये असे मी म्हणेन. कारण ज्या शास्त्रात शिकणाऱ्याने आपली भीती गुरूला सांगणे हाच अभ्यासक्रमाचा भाग आहे, तेथे गुरूचीच भीती बसली तर अभ्यासक्रमच थांबतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टोपेका येथे कार्ल मेनिंजर यांनी १९४६ मध्ये मनोविकारशास्त्राचे जे विद्यालय काढले, त्यात पहिल्याच तुकडीत शंभराच्या आसपास डॉक्टर दाखल झाले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मनांची निगा राखायला देशात पुरेसे मनोविकारतज्ज्ञ नव्हते, त्यामुळे ती घाई समर्थनीय होती. आजही तशीच टंचाई आहे, आणि जागा वाढवा असा आग्रह तुला होईल. जागा अवश्य वाढव, पण आधी सुपरव्हायझर मोज. तुमच्या शहरात खाजगी व्यवसाय करणारे कित्येक ज्येष्ठ डॉक्टर एक पैसाही न घेता आठवड्याचा तास देतात. त्यांना वर्षातून एकदा छापील आभारपत्र पाठवून भागत नाही. त्यांच्याकडे जा, विद्यार्थी कसा आहे ते विचार, त्यांचे म्हणणे टिपून ठेव.

आता ज्या दिवसाविषयी मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते तो दिवस. तुझ्या कारकिर्दीत कोणा निवासी डॉक्टरचा रुग्ण आत्महत्या करील. हे टळावे म्हणून आपण सारे आयुष्य वेचतो, तरीही ते घडते, आणि मनोविकारतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या पुष्कळांच्या वाट्याला ते प्रशिक्षणाच्या काळातच येते. बातमी येताच प्रथम केसपेपर मागवू नकोस. प्रथम त्या मुलाकडे किंवा मुलीकडे स्वतः जा; निरोप चीफ रेसिडेंटकडून पाठवू नकोस, ई-मेल तर मुळीच नको. खोलीचे दार लावून बस. त्याला त्या दिवसाच्या कामातून मोकळे कर, पण एकट्याला घरी पाठवू नकोस. नातेवाइकांना भेटायचे असेल तर तू बरोबर जा आणि बोलण्याचा भार ज्येष्ठांनी उचलावा. कायदेविभागाचा माणूस येऊन 'कोणाशी बोलू नका' असे फर्मावील. त्याच्या म्हणण्यातला आवश्यक भाग पाळ, परंतु त्या तरुणाला आपल्या सुपरव्हायझरजवळ मन मोकळे करण्याची वाट ठेवलीच पाहिजे, ती कशी ठेवता येईल हे त्याच माणसाकडून आजच, प्रसंग यायच्या आधी, समजून घेऊन ठेव. काही आठवड्यांनी प्रकरणाची चर्चा होईल तेव्हा अध्यक्षस्थानी असा कोणी बसव, ज्याचा स्वतःचा रुग्ण असा गेला आहे आणि जो ते सांगायला तयार आहे. आणि मग तीन महिन्यांनी, इतरांच्या विस्मरणात गेल्यावर, पुन्हा एकदा त्याला बोलाव. पहिल्या आठवड्यात सारेच विचारपूस करतात. तीन महिन्यांनी विचारणारे फक्त आपण असतो.

मूल्यमापनाविषयी थोडेच लिहितो. वर्षातून दोनदा समितीपुढे प्रत्येकाचा तक्ता येतो आणि सर्वांपुढे 'समाधानकारक' लिहून मोकळे होण्याचा मोह भलेपणातून होतो. चौथ्या वर्षाअखेर हा डॉक्टर स्वतंत्रपणे व्यवसाय करण्यास समर्थ आहे अशा दाखल्यावर तुझी सही असेल. ज्याच्या बाबतीत ती सही करताना तुझा हात अडखळेल अशी शंका आहे, त्याला ते पहिल्या-दुसऱ्या वर्षीच, समोर बसवून, अमुक दिवशीच्या अमुक रुग्णाचे उदाहरण देऊन सांग. तसे केलेस तर त्याला सुधारायला मुदत मिळते.

आपल्याकडून तिकडे येणाऱ्या मुलांविषयी तुझ्या मनात आस्था असणारच. महाराष्ट्रातल्या एखाद्या शासकीय महाविद्यालयातून आलेल्या मुलाने ओपीडीत एका सकाळी जितके रुग्ण पाहिले असतील, तितके तुमच्याकडच्या मुलाने महिन्यातही पाहिलेले नसतात. पण रुग्णाबरोबर पाऊण तास एकट्याने बसण्याची सवय त्याला नसते, आणि परिचारिकेने त्याच्या हुकुमावर शंका घेतली तर तो अपमान समजतो. दोन्ही गोष्टी त्याला समजावून सांग. व्हिसाच्या टांगत्या तलवारीमुळे तो आजारी असला तरी रजा मागणार नाही, हेही लक्षात ठेव. त्याच्यावर मराठी म्हणून मेहेरनजर करू नकोस; पण जे त्याला येते ते त्याच्याकडून इतरांना शिकव. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू उभारून नातेवाइकांना रुग्णांजवळ राहू दिले. घरची माणसे उपचारात सामील झाली म्हणजे काय फरक पडतो, हे आपल्याकडच्या डॉक्टराने लहानपणापासून घरीदारी पाहिलेले असते. त्याला त्यावर एक व्याख्यान द्यायला सांग.

तुझ्या कचेरीत जी कोऑर्डिनेटर बाई आहे तिला बैठकीत तुझ्या शेजारी जागा दे. अर्ज, मुलाखती, रजा, परवाने सारे तिच्या दप्तरी असते, आणि कोणता मुलगा गेले दोन आठवडे जेवणाच्या वेळी दिसत नाही हे तुला कळण्याआधी तिला कळते.

बाह्यरुग्ण विभागातले रुग्ण दर जूनमध्ये जुन्या डॉक्टरकडून नव्याकडे जातात, त्या हस्तांतराचा तू उल्लेख केला आहेस. ज्या रुग्णाने वर्षभर विश्वास ठेवला त्याला शेवटच्या भेटीत 'पुढच्या आठवड्यापासून दुसरे कोणी' असे सांगणे मला असह्य वाटते. निदान तीन महिने आधी सांगावे आणि शक्य तेथे दोघा डॉक्टरांनी एक भेट एकत्र घ्यावी. नव्या वर्षाचे वेळापत्रक तयार झाले की मला पाठव, मी नीट वाचून माझ्या सूचना लिहून परत धाडीन. सुपरव्हिजनचा तास कोठे ठेवला आहेस ते त्यात आधी पाहीन. तुझ्या आईने लिंबाचे लोणचे येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवायचे ठरवले आहे, तेव्हा कोण केव्हा येणार ते कळव.

तुझा,
मामा