पडद्यावरची ओळ आणि टेबलातली ओळ

डेटाबेसमधल्या नोंदी ग्रिडला जोडणे, म्हणजे बाइंडिंग, हे दिसायला दोन ओळींचे काम आहे: डेटाटेबल भरायचा आणि ग्रिडच्या डेटासोर्सला द्यायचा. २००५ साली डॉटनेट २.० बरोबर आलेल्या डेटाग्रिडव्ह्यूने ते इतके सोपे केले, की ग्रिडमध्ये दिसते तीच मूळ नोंद असे वाटू लागते. प्रत्यक्षात ग्रिडमागे मेमरीतला डेटाटेबल असतो आणि डेटाबेस त्याच्याही मागे.

गारगोटी भागातल्या एका दूध संस्थेत हा समज महागात पडला. दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्याची कपात करायची होती. ग्रिडमध्ये चौथी ओळ निवडली, की प्रोग्रॅम डेटाटेबलातलीही चौथीच ओळ उचलत असे. चाचणीत सगळे जुळले. बिलाच्या दिवशी लिपिकाने शोधायला सोपे जावे म्हणून ‘नाव’ या शीर्षकावर क्लिक केले. यादी नावाने लागली, पण फक्त पडद्यावर. टेबलातला क्रम सभासद क्रमांकाचाच राहिला. एकाने नेलेल्या पोत्याचे पैसे दुसऱ्याच्या बिलातून कापले गेले. तो सभासद पावती घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा प्रोग्रॅमरला शीर्षकावरचे, यादीचा क्रम बदलल्याचे दाखवणारे बारीक त्रिकोणी चिन्ह दिसले. चूक प्रोग्रॅमरचीच. मात्र चाचणीसाठी मागितलेली खरी यादी संस्थेने महिनाभर दिली नव्हती, याचा उल्लेख त्यानंतरच्या कोणत्याही बैठकीत झाला नाही.

म्हणून रोइंडेक्सवरून, म्हणजे ग्रिडमधल्या ओळीच्या क्रमांकावरून, नोंद कधीही शोधू नये. निवडलेल्या ओळीचा डेटाबाउंडआयटम, म्हणजे त्या ओळीमागची नोंद, घ्यावा, त्यातून सभासद क्रमांक वाचावा आणि त्यावरच कपात टाकावी. हा क्रमांक मजकूर म्हणून साठवू नये; नाहीतर १ नंतर १० आणि १०० येतात, २ खाली कुठेतरी सापडतो.

जतन करताना आधी एंडएडिट लागते, नाहीतर शेवटची भरलेली ओळ ग्रिडमध्येच अडकते. बदल डेटाबेसमध्ये लिहिणाऱ्या अपडेटपूर्वी अ‍ॅक्सेप्टचेंजेस वापरले, तर सगळ्या ओळींवर ‘बदल नाही’ असा शिक्का बसतो. अपडेट काहीच जतन करत नाही आणि तक्रारही करत नाही. ग्रिडचे रकाने आपोआप तयार होऊ देऊ नयेत; नाहीतर सभासदांचे बँक खाते क्रमांक काउंटरवर दिसतात.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरी नावांसाठी एनव्हारचार रकाना ठेवावा. साध्या व्हारचारमध्ये नावाच्या जागी सहसा प्रश्नचिन्हे साठतात, आणि मग ते नाव सभासदालाच पुन्हा विचारावे लागते.