व्हॉल्व्हचा फोनो प्रीॲम्प : बसवणे, तपासणे आणि सांभाळणे

रेकॉर्डचा धंदा कायमचा बुडाला असे आपण सर्वांनीच धरून ठेवले होते. परंतु अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डच्या विक्रीची रक्कम सीडीच्या रकमेच्या पुढे गेली, आणि असे १९८६ नंतर प्रथमच घडले. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्ड चाळणाऱ्यांत आता तरुण पोरेही दिसतात. कोकणात तर कव्वालीच्या आणि सिनेमाच्या रेकॉर्ड माळ्यावर जपून ठेवलेली घरे पुष्कळ. या रेकॉर्डच्या मागोमाग व्हॉल्व्हचे प्रीॲम्पही दुरुस्तीला येऊ लागले आहेत. रेडिओच्या जमान्यात व्हॉल्व्हवर हात बसलेले कारागीर थोडेच उरले. नव्या मुलांना मोबाईल उघडता येतो, परंतु तीनशे व्होल्टच्या चासीत हात कसा घालावा हे कोणी शिकवलेले नसते. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

या यंत्राचे काम दुहेरी आहे. मॅग्नेटिक सुईतून निघणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टचा असतो. तो ॲम्प्लिफायरला पुरेल इतका वाढवणे हे पहिले काम. दुसरे असे की रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार आवाज चढवलेला असतो. प्रीॲम्पने ते उलटे करून द्यायचे असते. १९५४ साली ठरलेल्या आरआयएए मापाप्रमाणे २० हर्ट्झचा आवाज १००० हर्ट्झच्या मानाने सुमारे दहा पट उचलावा लागतो आणि २० हजार हर्ट्झचा तितकाच खाली आणावा लागतो. आता आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे विजेची घूं घूं नेमकी अशा जागी बसते, जिथे सर्किट स्वतःच तिला सुमारे सात पट वाढवते. या प्रीॲम्पच्या बहुतेक तक्रारी घुमण्याच्या असतात त्या याच कारणाने, आणि त्या व्हॉल्व्ह बदलून जात नाहीत. अर्थिंग आणि पॉवर सप्लाय नीट केला की त्या जातात. जो कारागीर आल्याआल्या नवा व्हॉल्व्ह विकतो तो गिऱ्हाईकाचे पैसेही घालवतो आणि स्वतःचे नावही.

गिऱ्हाईक प्रीॲम्प मागायला आले तर आधी त्याच्या प्लेअरची सुई पाहावी. एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या पेटीवजा प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल सुई असते. तिचा सिग्नल मुळातच मोठा असतो आणि ॲम्प्लिफायर पेटीतच असतो. तिथे फोनो प्रीॲम्पची गरजच नाही, आणि तसे स्पष्ट सांगावे. मूव्हिंग मॅग्नेट सुई असेल तर प्रीॲम्पचा इनपुट ४७ किलोओहमचा हवा. मूव्हिंग कॉइल सुईचा सिग्नल त्याच्याही दहाव्या हिश्शाइतका असतो. तिला वेगळा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. ७८ च्या रेकॉर्डवर एलपीची बारीक सुई चालवू नये. त्यांचा खाचा रुंद असतो, सुई तळाशी घसरते आणि नुसती खरखर येते. भारतात ७८ च्या रेकॉर्ड साठच्या दशकातही निघत होत्या, तेव्हा ही चूक आपल्याकडे हमखास होते.

आखातातून आणलेल्या मालाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. दुबई आणि कुवेतची वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची आहे. सौदीची मात्र ६० हर्ट्झची, आणि तिथे घरातून वर्षानुवर्षे १२७ व्होल्टची लाइन होती. असे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावले तर ट्रान्सफॉर्मर जळतो हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु स्टेप-डाउन लावूनही हर्ट्झ बदलत नाहीत. सिंक्रोनस मोटरचा टर्नटेबल ३३⅓ च्या जागी सुमारे २७.८ फेऱ्यांनी फिरतो आणि गाणाऱ्याचा गळा बसल्यासारखा ऐकू येतो. त्याला ५० हर्ट्झची पुली बसवावी लागते. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला प्रीॲम्पचा ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, म्हणून तासाभराने हात लावून पाहावा. मागच्या पट्टीवर काय छापले आहे ते वाचल्याशिवाय प्लग घालू नये.

आता जिवाची गोष्ट. या यंत्रात साधारण २५० ते ३०० व्होल्ट डीसी असते, आणि स्विच बंद करून प्लग काढल्यावरही ते फिल्टर कंडेन्सरमध्ये राहू शकते. प्लग काढावा, १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपने कंडेन्सरच्या दोन टोकांना दहा-पंधरा सेकंद लावावा, आणि मग मीटरने शून्य पाहूनच हात घालावा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची जुनी सवय सोडावी. चालू चासीत माप घेताना दुसरा हात खिशात असावा. अनेक वर्षे बंद असलेले यंत्र प्रथम सिरीज बोर्डवर ६० वॅटच्या साध्या बल्बमधून चालू करावे. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे.

बसवताना प्रीॲम्प पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून आणि टर्नटेबलच्या मोटरपासून जितका दूर ठेवता येईल तितका ठेवावा, परंतु सुईकडून येणारी वायर मीटरभराच्या पुढे जाऊ देऊ नये. लांब वायरची कपॅसिटी तार आवाज बिघडवते, आणि ईसीसी ८३ व्हॉल्व्ह स्वतःच इनपुटला शंभराहून अधिक पिकोफॅरड जोडतो. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर प्रीॲम्पच्या अर्थ स्क्रूलाच जोडावी. घुमणे थांबवण्यासाठी काही मेकॅनिक प्लगची अर्थ पिनच तोडतात. आवाज जातोही, परंतु उद्या ट्रान्सफॉर्मर चासीला लागला तर पूर्ण पेटी करंट मारील, आणि पेटीला हात लावणारे लहान मूलही असू शकते.

रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मिरकरवाडा, राजिवड्यासारख्या किनाऱ्यालगतच्या वस्तीत त्यात खारी हवा. व्हॉल्व्हच्या पिना हिरव्या पडतात, बेसची पकड ढिली होते आणि कडकड आवाज सुरू होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसाव्या, सुकू द्याव्या, बेसचे पाय सुईने हलकेच आवळावे. जुने कागदी कपलिंग कंडेन्सर ओलाव्याने गळू लागतात. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रीडवर डीसी जवळजवळ शून्य हवे. तिथे पॉझिटिव्ह व्होल्ट दिसले तर तो कंडेन्सर बदलावाच. पावसाळ्यात यंत्र महिनाभर झाकून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून तासभर चालवलेले बरे. त्याच्या उष्णतेनेच दमटपणा जातो. रेकॉर्डला बुरशी आली असेल तर ती धुऊन सुकवल्याशिवाय सुई टेकवू नये.

इतके सारे झाल्यावर व्हॉल्व्हकडे वळावे. आवाज कमी ठेवून पेन्सिलीने हलकी टिचकी मारावी; स्पीकरमध्ये घंटेसारखा नाद घुमला तर तो व्हॉल्व्ह पहिल्या स्टेजवरून काढून पुढच्या स्टेजवर लावावा, तिथे तो निभावून जातो. हीटरचे ६.३ व्होल्ट दहा टक्क्यांच्या आत असावे, कॅथोडवर साधारण १ ते २ व्होल्ट मिळावे. चांगला व्हॉल्व्ह हजारो तास चालतो. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह लॅमिंग्टन रोडला अधूनमधून मिळतात, नवे स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. जुना माल टेस्टरवर तपासून मगच पैसे द्यावे, छापील डबी पाहून नव्हे.

यंत्र परत देताना ग्रीड, कॅथोड, हीटर आणि एच.टी.ची मापे तारखेसह कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवावी, आणि काढलेले जुने सुटे भाग पिशवीत घालून गिऱ्हाईकाच्या हाती द्यावे. पुढच्या पावसाळ्यानंतर तेच यंत्र आले की कोणते माप हलले हे पाच मिनिटांत कळते.