साप्ताहिक तोरावाचन आणि मराठी पाठपरंपरा

महाड-पोलादपूर परिसर मराठी वाचकास ग्रंथपरंपरेमुळे परिचित आहे. महाडजवळील शिवथरघळ ही ‘दासबोधा’ची रचनाभूमी मानली जाते, तर पोलादपूर येथे ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. याच रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर बेने इस्राएल समाजाची एक वेगळी पाठपरंपरा रुजली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समाजाने मराठी हीच मातृभाषा मानली.

यहुदी परंपरेत तोरेचे 54 विभाग पाडलेले असून दर शब्बाथला क्रमाने वाचन होते. काही आठवड्यांत दोन विभाग जोडून वर्षाचा मेळ साधला जातो. सिम्हाथ तोरा या सणास अखेरचा विभाग संपताच आरंभीचा विभाग सुरू होतो. वाचन हस्तलिखित गुंडाळीवरून, हिब्रू भाषेतच होते.

‘दासबोधा’च्या पारायणाशी तुलना केली असता एक भेद स्पष्ट होतो. 20 दशके व 200 समास किती दिवसांत वाचावयाचे, हे वाचकाचा संकल्प ठरवितो. तोरावाचनाची गती मात्र पंचांग ठरविते. त्यामुळे वंशावळी, यज्ञविधी, त्वचारोगाचे नियम असे रूक्ष भागही टाळता येत नाहीत. अर्थ शोधण्याची जबाबदारी येथे निवडीतून नव्हे, क्रमातून येते.

मुंबईतील या समाजाचे पहिले सिनेगॉग 1796 मध्ये उभे राहिले. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले. पुढे जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 पासून बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी कीर्तनाचा अंगीकार केला. कीर्तनकार मात्र अब्राहाम, योसेफ यांसारखी रसाळ आख्याने निवडून घेतो. म्हणजेच क्रम हिब्रूकडे राहिला आणि कथा मराठीकडे आली, असे म्हणता येईल.

हा विभाग केवळ शैलीचा नाही. 1948 नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. हिब्रू वाचन तेथेही आठवड्यागणिक चालूच आहे. कारण पंचांग त्याचे रक्षण करते. मराठी आख्यानास असा नियत वार नाही. त्याला श्रोता हवा, आणि तो मराठी जाणणारा हवा. म्हणूनच या कीर्तनांचा व भाषांतरांचा अभ्यास हा धर्मेतिहासाचा उपविषय न ठरता मराठी वाङ्मयेतिहासाचेच निकडीचे कार्य ठरतो.