परसबागेचा हिशेब : दोन गुंठे आणि बारा महिने

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत 'बाग' हा शब्द उच्चारला कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें हापुसाचीं कलमें उभीं राहतात. तें साहजिकच आहे. १९९० सालीं रोजगार हमी योजनेशीं निगडित फळबाग लागवड सुरू झाल्यापासून वरकस जमिनींवर आंब्याकाजूचीं कलमें वाढत गेलीं, आणि २०१८ सालीं कोंकणच्या हापुसास भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु ही बाग बाजारासाठीं होय. घराच्या मागल्या दारीं जें गुंठा-दोन गुंठ्यांचें परस असतें, त्याचा विचार क्वचितच कोणी करतो. परिणामीं वैशाखांत ज्या घरांतून आंब्याच्या पेट्या परगांवीं जातात, त्याच घरांत भाद्रपदांत मुलांस फळ द्यावयाचें तर परप्रांतीचें सफरचंद विकत आणावें लागतें. ही स्थिति पालटणें आपल्या हातीं आहे. त्यास मोठें भांडवल नको; दोन हिशेब मात्र आधीं कागदावर मांडले पाहिजेत.

पहिला हिशेब जागेचा. महसूल खात्यांत आमची सारी नोकरी गुंठे मांडण्यांतच गेली, म्हणून मापापासून आरंभ करतों. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद अशी १०८९ चौरस फूट जागा. आंब्याच्या कलमांत परंपरेनें अंतर ठेवतात तें १० मीटर, म्हणजे जवळजवळ तेहतीस फूटच. अर्थात् पूर्ण वाढलेला एक आंबा एक गुंठा खातो. तथापि लावतेवेळीं कलम हातभर उंचीचें असतें, जागा मोकळी मोकळी दिसते, आणि मनुष्य दोन गुंठ्यांत पांच कलमें व वर एक फणस दडपतो. पंधरा वर्षांनीं तेथें सूर्य दिसत नाहीं. फांद्या शेजाऱ्याच्या गडग्यापलीकडे जातात, आणि भाऊबंदकीस एक नवें कारण मिळतें. बरें, नको झालेलें झाड तोडावें म्हटलें तरी आंबा, फणस व जांभूळ हीं तिन्ही झाडें झाडतोडीच्या विनियमनाविषयींच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचींत आहेत. परवानगीवांचून त्यांस कुऱ्हाड लावतां येत नाहीं. शिवाय ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें दापोली व मंडणगड तालुक्यांत जो कहर केला, त्यांत घरालगतचे माड व आंबे घरांवरच कोसळले. सबब मोठें झाड लावावयाचें तें एकच, आणि तेंही घरापासून दूर.

दोन गुंठ्यांची वांटणी आम्ही अशी सुचवितों. घरापासून दूरचा गुंठा एका आंब्यास द्यावा. कलमबाग असलेल्यांनीं परसांत पुन्हां हापूस लावण्याऐवजीं 'रत्ना' लावून पाहावा. नीलम व हापूस यांच्या संकरापासून तयार झालेली ही जात १९८१ सालीं प्रसृत झाली. ती हापुसाप्रमाणें वर्षाआड रुसत नाहीं व तिच्या फळांत साका होत नाहीं. आंबा मोठा होईपर्यंत त्या गुंठ्यांतील मोकळ्या जागेंत चार पपया व कडेनें अननस घ्यावे.

घराजवळच्या गुंठ्याच्या चारी बाजू अठरा व पंधरा फुटांवर विभागाव्या, म्हणजे चार खण पडतात. अठरा-अठराच्या खणांत रातांबा, पंधरा-पंधराच्या खणांत लिंबू, आणि उरलेल्या अठरा-पंधराच्या दोन खणांपैकीं एकांत पेरू व दुसऱ्यांत सहा-सहा फुटांवर सहा केळी. ३२४, २२५, २७० व २७० मिळून बरोबर १०८९ होतात. प्रत्येक झाड खणाच्या मध्यावर लावावें, म्हणजे बांधाचा तंटा उद्भवत नाहीं. पेरूची छाटणी दरवर्षीं केली पाहिजे, नाहींतर तो खणाबाहेर जाईल.

दुसरा हिशेब महिन्यांचा, आणि तोच अधिक महत्त्वाचा. आंबा, काजू, फणस, करवंद, रातांबा, हीं सर्व चैत्र-वैशाखांत एकदम येतात. मुंबईची मंडळी त्या सुटींत घरीं येतात, खातात व जातात. मागें राहतात तीं म्हातारीं माणसें व शाळेंतील मुलें. परस ज्यांच्या हातचें पाणी पितें, त्यांस उरलेल्या दहा महिन्यांत त्यांतून कांहीं मिळूं नये हें योग्य नव्हे. म्हणून केळी एकदम न लावतां दर दोन महिन्यांनीं एक मुनवा लावावा. केळीस घड काढण्यास सुमारें वर्ष लागतें. अशा रीतीनें लावलेल्या सहा केळींपासून पुढें दर दोन महिन्यांस एक घड हातीं येऊं लागतो. प्रत्येक केळीजवळ पुढील पिकासाठीं एकच मुनवा राखून बाकीचे काढून टाकावे. पेरू पावसाळ्यांत व पुन्हां हिंवाळ्यांत फळतो. पपई दहा-अकरा महिन्यांत सुरू होते व बहुतेक वर्षभर देते. रातांब्याचें आगळ व आमसुलें तर वर्षाची बेगमीच होय.

आतां लागवडीविषयीं. खड्डे चैत्र-वैशाखांत खणून उन्हांत तापूं द्यावे. आंब्यास तीन फूट लांब, रुंद व खोल, इतरांस दोन फूट पुरे. जांभा लागल्यास तो पहारीनें फोडावाच, कारण कातळाच्या थाळींत लावलेलें झाड पहिल्या दोन वर्षांत फसवें वाढतें व पुढें खुंटतें. वरची माती, कुजलेलें शेणखत व पालापाचोळा यांनीं खड्डा भरून पहिला पाऊस स्थिरावल्यावर कलम लावावें. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, व जोडाखालीं फुटणारे कोंब वेळोवेळीं खुडले पाहिजेत. आपल्याकडे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणून पपई व लिंबू हीं उंचवट्यावरच लावावीं. पपईच्या मुळांशीं पाणी सांचलें कीं झाड गेलें, असें समजावें. लिंबास आपल्या पावसांत खैऱ्या रोग जडतो; रोगट फांद्या काढून जाळाव्या.

रातांब्याविषयीं विशेष सूचना अशी कीं बियांचें रोप कदापि लावूं नये. ह्या झाडांत नर व मादी निराळीं असतात व तें फुलावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षें, कळत नाहीं. मादीचें कलमच घ्यावें. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें 'कोकण अमृता' व 'कोकण हातीस' ह्या जाती दिल्या आहेत. कलमें विद्यापीठाच्या किंवा नोंदणीकृत रोपवाटिकेंतून घ्यावीं व पावतीवर जातीचें नांव लिहून घ्यावें.

पाण्याचा प्रश्न माघापासून ज्येष्ठापर्यंतचा. नव्या कलमास आठवड्यास सुमारें तीस लिटर पाणी पुरतें, मात्र आळ्यांत वीतभर पातेरा पसरला पाहिजे. न्हाणीचें पाणी केळींकडे वळवावें. कपडे धुण्याच्या तीव्र पावडरीचें पाणी मात्र निराळें काढावें.

वानरांचा उपद्रव आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्यावर रामबाण उपाय नाहीं. परंतु नुकसान कमी करतां येतें. केळीचा घड जून होतांच हिरवाच उतरून घरांत पिकवावा. पपईवर पिवळी रेघ दिसली कीं ती झाडावर ठेवूं नये. लिंबाच्या वाटेस वानर बहुधा जात नाहींत. पेरू व आंब्यांतील फळमाशीसाठीं गंधाचे सापळे मिळतात. ते फळ पिकूं लागण्यापूर्वींच टांगावे, आणि किडलेलीं, गळलेलीं फळें वेंचून खोल पुरावीं.

शेवटीं एक कारकुनी सूचना. परसाची एक वही ठेवावी. झाड, जात, लावल्याची तारीख, कोठून आणलें व पहिलें फळ केव्हां आलें, एवढे पांच रकाने पुरेत. आमच्याकडे वडील माणूस गेल्यावर कोणत्या झाडाची जात कोणती हें सांगणारा घरांत उरत नाहीं, आणि मुंबईहून आलेला मुलगा भर उन्हाळ्यांत वाळकें दिसलें म्हणून चांगलें कलम उपटून टाकतो. ही वही कपाटांत न ठेवतां, जी गृहिणी रोज त्या झाडांस पाणी घालते तिच्या हातीं द्यावी, व नवें झाड कोणतें लावावें हें ठरवितांना तिचें मत प्रथम घ्यावें. ज्येष्ठ उजाडण्यापूर्वीं खड्डे तयार असले पाहिजेत. म्हणून वहीचें पहिलें पान आजच आंखण्यास हरकत नाहीं.