फिरतीचा खर्च : काय घ्यावं आणि कुठली कपात थांबवावी

नोकरी-धंद्यासाठी महिन्यातून तीन-चार वेळा बाहेर पडणाऱ्या माणसाला बाजार बरंच काही विकू पाहतो. आवाज गाळणारे हेडफोन, वजन दाखवणारी बॅग, खिशातला वायफाय, मानेची उशी. यातली एखादी वस्तू चुकीची घेतली तर पैसे एकदाच वाया जातात. दर फेरीला जाणारा पैसा मात्र नजरेला पडत नाही. तिकिटावरचं सुविधा शुल्क, टोल, परदेशात कार्ड वापरल्यावर बँकेने कापलेला टक्का, रोमिंगचा पॅक, असा तो थोडा थोडा जात राहतो आणि वर्षअखेरीला एखाद्या चांगल्या फोनच्या किमतीला पोचतो. म्हणून माझं सांगणं असं की आधी ही कपात थांबवावी, मग राहिलेल्या पैशांत दोन-तीन वस्तू चांगल्या घ्याव्यात. खाली दिलेल्या वस्तूंच्या किमती बाजारात साधारण चालतात तशा आहेत. सेलमध्ये शे-दोनशे इकडेतिकडे होतात.

गाडीने जाणाऱ्यांसाठी

खासगी कार, जीप, व्हॅनसाठी फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला. तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये ठेवली होती. घेण्याआधी राजमार्गयात्रा ॲपवर चालू रक्कम बघून घ्यावी. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल तोवर पास चालतो. नवा टॅग लागत नाही, आहे त्याच टॅगवर तो चालू होतो.

पुणे-कोल्हापूर रस्त्याचं उदाहरण घेऊ. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागतात. अशा ठिकाणी नाका एकदा ओलांडला की एक फेरी मोजली जाते. म्हणजे जाऊन-येऊन आठ. दोनशेच्या हिशेबात पंचवीस वेळा कोल्हापूर. तीन हजार भागिले दोनशे केलं की एका नाक्याला पंधरा रुपये पडतात. एरवी नाक्यावर सरासरी ऐंशी रुपये जातात असं धरलं, तरी एका जाण्यायेण्याचे ६४० होतात आणि पाचव्या वेळी पास फिटतो. चोवीस तासांत परत येणाऱ्यांना टोलमध्ये मुळात सवलत असते. त्यांनी आणखी दोन वेळा धराव्यात. महिन्यातून एकदा जरी या रस्त्याने जाणं होत असेल तर पास घ्यायलाच हवा.

अडचण पुढे आहे, आणि ती विक्रीच्या जाहिरातीत ठळक दिसत नाही. हा पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू हे राज्याच्या यंत्रणांकडे आहेत. तिथे पास असूनही टॅगच्या शिलकीतून नेहमीचा टोल कापला जातो. मुंबई-पुणे द्रुतगतीवर कारचा तो टोल एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये आहे. ज्यांची सगळी धावपळ मुंबई-पुणेच आहे त्यांनी पासवर पैसे घालू नयेत. पिवळ्या पाटीच्या गाडीला पास मिळत नाही. तो दुसऱ्या गाडीला लावता येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. गाडी नवी असताना टॅगवर फक्त चॅसी नंबर चढवलेला असेल, तर आधी गाडीचा क्रमांक नोंदवून घ्यावा लागतो. त्याशिवाय पास निघत नाही.

तिकिटावरचे छुपे पैसे

आयआरसीटीसीवर वातानुकूलित वर्गाच्या तिकिटाला सुविधा शुल्क ३० रुपये आणि त्यावर जीएसटी. पैसे यूपीआयने भरले तर तेच २० रुपये. बिगर-वातानुकूलित वर्गाला अनुक्रमे १५ आणि १०. शुल्क तिकिटामागे असतं, माणसामागे नाही. त्यामुळे चौघे सहकारी एकाच गाडीने जाणार असाल तर चार वेगळी तिकिटं काढू नका. खासगी ॲपवरून तेच तिकीट काढलं तर या शुल्कावर त्या ॲपचं आपलं शुल्क चढतं, आणि 'तिकीट कन्फर्म झालं नाही तर दुप्पट पैसे' यासारख्या योजनेचेही पैसे वेगळे लागतात.

तत्काळसाठी एजंटला जादा पैसे देण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारशी जोडलेलं खातं लागतं, आणि तत्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास अधिकृत एजंटांनाही बुकिंग करता येत नाही. वातानुकूलितसाठी सकाळी दहा ते साडेदहा, बाकीच्या वर्गांसाठी अकरा ते साडेअकरा. सगळी गर्दी त्याच अर्ध्या तासात असते. खात्याची आधार पडताळणी आज घरी बसून करून ठेवा. ती फुकट होते आणि ऐन वेळी दोनशे-तीनशे रुपये वाचवते.

विमानाच्या तिकिटाला शोधपानावरचा भाडेदर कधी खरा धरू नये. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर जो आकडा दिसतो तोच ताडून बघावा, कारण सुविधा शुल्क दर प्रवाशामागे आणि दर मार्गामागे लागतं. शेवटच्या पानावर विमा, देणगी किंवा आसननिवड आपोआप खूण होऊन आली असेल तर ती बेकायदा युक्ती आहे. केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. ग्राहकाच्या संमतीवाचून टोपलीत वस्तू घालणं त्यात स्पष्ट मना आहे. स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करा. रक्कम छोटी आहे म्हणून लोक सोडून देतात, आणि हे प्रकार टिकतात ते त्याच भरवशावर.

चेहरा ओळखून विमानतळात सोडणारी डिजियात्रा फुकट आहे आणि ऐच्छिक आहे. पुणे, मुंबईसह बऱ्याच विमानतळांवर ती चालते. दारावरची रांग चुकते, पण ॲपमध्ये बोर्डिंग पास घरूनच चढवायचा, विमानतळाच्या दारात उभं राहून नाही. रेल्वेत ओळखपत्र म्हणून डिजिलॉकरमधलं आधार किंवा वाहन परवाना चालतो. त्यालाही पैसे लागत नाहीत.

पॉवर बँक पालथी करून वाचावी

फिरतीवरच्या माणसाने विकत घ्यायची पहिली वस्तू म्हणजे पॉवर बँक. रेल्वेच्या डब्यातले चार्जिंग पॉइंट आगीच्या धोक्यामुळे रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवण्याचं धोरण आहे. म्हणजे रात्रीच्या गाडीने जाणाऱ्याला नेमकी गरज असते तेव्हा वीज नसते.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत १०,००० एमएएच लिहिलेलं असतं. वस्तू पालथी केली की मागे मुंगीएवढ्या अक्षरांत खरी माहिती सापडते. तिथे 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ६,००० ते ६,५०० च्या आसपासचा आकडा असतो. यात फसवणूक नाही. आतला सेल ३.७ व्होल्टचा आणि बाहेर वीज जाते ५ व्होल्टने, शिवाय रूपांतरात काही वीज उष्णता होऊन जाते. म्हणून ५,००० एमएएचचा फोन यावर दोनदा नाही, साधारण दीडदा भरतो. रेटेड कपॅसिटी छापलेलीच नसेल किंवा ती दहा हजारच दाखवली असेल, तर ती पॉवर बँक घेऊ नये.

त्याच जागी भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकेला ही नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक घातला की उत्पादकाचं नाव समोर येतं. दुकानात उभ्या उभ्या हे करता येतं. स्टेशनबाहेरच्या चारशे रुपयांच्या मालाचा क्रमांक असा तपासून पाहा, आणि नाव जुळलं नाही तर माल तिथेच ठेवा.

विमानात पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत न्यायची, चेक-इन सामानात कधीच नाही. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी लागते, त्यापुढे नेताच येत नाही. वॉट-अवर काढायचे तर एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागायचं. १०,००० चे ३७ होतात, २०,००० चे ७४, आणि ३०,००० चे १११. म्हणजे तीस हजारवाली स्वस्त मिळाली तरी विमानाने फिरणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला आग लागली, आणि तपासात संशय पॉवर बँकेवर आला. त्यानंतर कंपन्यांनी नियम कडक केले. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरणंच बंद केलं. चीनमध्ये देशांतर्गत विमानात जायचं तर पॉवर बँकेवर तिथली ३सी खूण लागते. आपल्याकडच्या मालावर ती असेलच असं नाही.

पैशाचं बोलायचं तर चांगल्या नावाची १०,००० ची हजार ते दीड हजारात येते आणि वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. २०,००० ची दीड ते अडीच हजारांत, वजन जवळपास दुप्पट. केबिन बॅगेला सात किलोची मर्यादा असते हे लक्षात घेता, फक्त फोन असणाऱ्याला दहा हजारवाली पुरते. लॅपटॉपही भरायचा असेल तर २०,००० ची, ४५ वॉट किंवा त्याहून जास्त यूएसबी-सी आउटपुट असलेली घ्यावी लागते आणि ती तीन-चार हजारांपर्यंत जाते. रोज प्लगजवळ बसून काम करणाऱ्याने हे पैसे वाचवावेत.

त्यापेक्षा ६५ वॉटचा एक गॅन चार्जर घ्यावा, दोन-तीन हजारांचा. लॅपटॉप, फोन आणि इअरफोन त्या एकावरच भागतात आणि बॅगेतले दोन जड चार्जर कमी होतात. परदेशी जाणाऱ्याला युरोपात आपला बारीक दोन पिनांचा चार्जर बहुतेक ठिकाणी तसाच बसतो. दुबई, सिंगापूर, लंडनला तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो, दीडशे-तीनशे रुपयांचा. चार्जरवर '१००–२४० व्होल्ट' लिहिलेलं असेल तर जपान-अमेरिकेतही व्होल्टेजची काळजी नाही. प्रवासी इस्त्री किंवा केटलवर तसं सहसा लिहिलेलं नसतं. ती घरीच ठेवा.

परदेशात पैसे आणि फोन

सर्वांत मोठी गळती इथे होते. बऱ्याच बँकांच्या क्रेडिट-डेबिट कार्डावर परकीय चलनातल्या खर्चाला ३.५ टक्के मार्कअप लागतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ४.१३ टक्के. लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये. वर्षातून दोनदा जरी बाहेर जात असाल तर शून्य मार्कअपचं कार्ड घ्या. फक्त त्याची वार्षिक फी या आकड्याशी ताडून बघा. फॉरेक्स कार्ड चांगलं, पण ज्या चलनात भरलं त्याच चलनात खर्च करायचा. डॉलर भरून युरोत खर्च केला की पुन्हा तीन-साडेतीन टक्के जातात.

समजा, दुबईच्या दुकानात ४०० दिरहमचं बिल झालं. कार्ड लावल्यावर मशीनच्या पडद्यावर दोन बटणं येतात. एकावर ४०० दिरहम, दुसऱ्यावर रुपयांत तयार रक्कम. रुपये ओळखीचे म्हणून बोट तिकडे जातं, आणि कधी कधी विक्रेताच ते आपल्या वतीने दाबून टाकतो. त्या रुपयांच्या दरात तीन-चार टक्क्यांपासून पुढे कितीही वाढ धरलेली असते, शिवाय काही बँका अशा व्यवहारावर वेगळं शुल्क लावतात. बटण नेहमी तिथल्या चलनाचं दाबायचं. मशीन आपल्या हातात मागून घ्यायचं आणि पावतीवर रुपये छापून आले तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून मागायचा.

नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, हा रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे. निघण्यापूर्वी ॲपमधून ते चालू करा, मर्यादा घाला, परतल्यावर बंद करा. सिंगापूर, यूएई, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स इथे काही ठिकाणी यूपीआय चालतं. पण चलनबदलाचा दर पडद्यावर बघूनच पिन टाका.

फोनचं गणित सोपं आहे. भारतीय कंपनीचा आठ-दहा दिवसांचा, बऱ्यापैकी डेटाचा रोमिंग पॅक सहसा चार आकडी पडतो. थायलंड, सिंगापूर, व्हिएतनामसाठी ५ जीबीचं प्रवासी ई-सिम सहाशे ते दीड हजारात मिळतं. फोन ई-सिम घेणारा असेल तर डेटा तिकडचा ठेवा आणि भारतीय सिम बंद न करता त्यावरचं डेटा रोमिंग तेवढं बंद करा. बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येतो. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस बहुतेक योजनांत फुकट असतो, पण त्यासाठी रोमिंग सेवा निघण्यापूर्वी चालू करून घ्यावी लागते. ई-सिम घरच्या वायफायवरच फोनमध्ये उतरवून ठेवा. यूएईत व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही, संदेश जातात. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्यांना घोर लागणार नाही. युरोपीय संघातल्या एका देशात घेतलेलं सिम, तिथल्या कंपनीच्या वाजवी वापराच्या मर्यादेत, संघातल्या इतर देशांतही जादा पैशांवाचून चालतं. चार देशांसाठी चार सिम घेऊ नका.

फोन गेला तर

फिरतीवर फोन गेला तर त्याच्या किमतीपेक्षा त्यातल्या खात्यांची भीती मोठी. घरून निघण्यापूर्वी *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक घ्या आणि घरातल्या एका माणसाकडे लिहून ठेवा. चोरी झाल्यावर आधी सिमच्या कंपनीला कळवून सिम बंद करा, मग बँकेला सांगून यूपीआय थांबवा. पोलिसांत नोंद करून त्या तक्रारीची प्रत सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चढवली की तो फोन देशभरातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. याला पैसे लागत नाहीत. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत पोचण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. नवं सिम आपल्याच नावावर मिळायला ओळखपत्र लागतं. म्हणून आधारची एक छापील प्रत फोनच्या कव्हरमध्ये न ठेवता बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा. फोन सापडला तर त्याच पोर्टलवरून तो पुन्हा चालू करून घेता येतो. त्यासाठी तक्रार नोंदवताना मिळालेला विनंती क्रमांक जपून ठेवा.