मिश्र अध्ययन आणि भ्रमणध्वनी-अध्ययन : मराठीच्या उच्चारशिक्षणाच्या संदर्भात

मिश्र अध्ययन आणि भ्रमणध्वनी-अध्ययन यांची तुलना करताना या दोन संज्ञा एकाच कोटीतील नाहीत, ही गोष्ट बहुधा नजरेआड होते. पहिली संज्ञा अध्यापनाच्या रचनेची आहे : प्रत्यक्ष वर्ग आणि ऑनलाईन पाठ यांत कामाची वाटणी कशी करावयाची, हा तिचा विषय. दुसरी संज्ञा साधनाची, आणि त्या साधनामुळे मिळणाऱ्या स्थलकालाच्या मोकळिकीची. भ्रमणध्वनी मिश्र अध्ययनाचा घटक होऊ शकतो. तो वर्गाची जागा घेऊ शकेल काय, हा खरा प्रश्न होय.

अमराठी विद्यार्थ्याला मराठी शिकविण्याच्या उदाहरणावरून तो तपासता येईल. च, ज, झ यांचे मराठीत तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार आहेत. देवनागरी लिपी मात्र ते वेगळे दाखवीत नाही. वार्धक्य या अर्थाचा 'जरा' आणि थोडे या अर्थाचा 'जरा' लिहिण्यात एक, बोलण्यात दोन. 'त्याचा' यातील च दंततालव्य, 'त्याची' यातील तालव्य. आणि षष्ठीवाचून तर मराठीचे पान हलत नाही. लिपी ओळखीची असल्यामुळेच हिंदीभाषक विद्यार्थी येथे अधिक फसतो.

भ्रमणध्वनीची उपयुक्तता येथे मान्य केलीच पाहिजे. ध्वनिमुद्रित शब्द वसतिगृहात वा बसमध्ये वीस वेळा ऐकता येतो. वर्गात तिसऱ्यांदा विचारण्याचाही संकोच वाटतो. परंतु कानावर पडणे म्हणजे भेद जाणवणे नव्हे. ज्याच्या भाषेत हा भेद नाही त्याला दोन्ही ध्वनी एकच वाटतात, आणि वीस वेळा उच्चारलेली चूक पक्की होते. उलट तेलुगूत दंततालव्य ध्वनी आहेतच. त्या विद्यार्थ्याचा कान काही अंशी तयार असतो. ध्वनिमुद्रण दोघांना सारखेच. कोणाला कोठे थांबवावयाचे हे अध्यापकाला कळते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली प्रसृत केलेल्या मिश्र अध्ययनविषयक टिपणात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाईन शिकविण्याची मुभा सुचविली होती. चर्चा या आकड्याभोवतीच अधिक झाली. वस्तुतः कोणते ४० टक्के, हे भाषेच्या अध्यापकाने ठरवावयाचे आहे. श्रवण आणि व्याकरणाचे विवेचन भ्रमणध्वनीवर खुशाल जावे. तासातील व्याख्यान मात्र तसेच ठेवून संभाषणाला कात्री लावली, तर मिश्रण नावापुरतेच उरते, आणि विद्यार्थी उत्तम मराठी वाचून ती हिंदीच्या उच्चारांत बोलत राहतो.