नोंदवहीकडून माहितीसंचाकडे

सहकारी संस्था, जिनिंग कारखाने आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या कारभारात संगणकाचा वापर आता रूढ झाला आहे. मात्र यंत्र व आज्ञावली विकत घेण्यापूर्वी माहितीसंचाची आखणी करावी लागते, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. कापसाच्या यवतमाळ जिल्ह्यात हे दुर्लक्ष महागात पडू शकते. नोंद चुकली की शेतकऱ्याचे पैसे अडकतात.

माहितीसंच म्हणजे परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांचा समूह. ही कल्पना आयबीएममधील संशोधक ई. एफ. कॉड यांनी 1970 साली मांडली. आपल्या तलाठ्याला तिचे मर्म नवे नाही. गाव नमुना 7 मध्ये जमिनीचा हक्क, नमुना 12 मध्ये पीक, नमुना 6 मध्ये फेरफार आणि नमुना 8-अ मध्ये खातेदाराची एकूण धारण जमीन असते. प्रत्येक नोंदवहीचा विषय एकच. एकीचा दुसरीशी दुवा मात्र भूमापन क्रमांकाने अथवा खाते क्रमांकाने जुळतो. फेरफार मंजूर झाल्यावर जुने नाव पुसून टाकले जात नाही. त्याला कंस करून फेरफार क्रमांक लिहिला जातो. पूर्वीची स्थिती अशी राखून ठेवणे आजही कित्येक महागड्या आज्ञावलींना जमत नाही, हे नमूद करण्याजोगे आहे.

आखणीतील पहिला प्रश्न ओळखीचा. सर्व्हे नंबर 45 अनेक गावांत असतो. खाते क्रमांकही गावापुरताच असतो. म्हणून गावाचा संकेतांक आणि खाते क्रमांक मिळूनच ओळख पुरी होते. गावाचे नुसते नावही पुरेसे नाही, कारण एकाच नावाची गावे आढळतात. व्यक्तीच्या नावाची तर गोष्टच निराळी : सातबाऱ्यावर एक, बँकेत दुसरे आणि आधार पत्रावर तिसरे लेखन असू शकते. 2017 च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज घेऊन ते बँकांच्या माहितीशी ताडून पाहावे लागले. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत बँकांनी कर्जखात्यांची माहिती दिली आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करावयाचे, असा क्रम ठेवण्यात आला. उद्देश एकच असूनही माहितीची वाट बदलल्याने कामाचे स्वरूप बदलले.

दुसरा प्रश्न असा, की तक्त्यातील एक ओळ कशाची? कापूस खरेदी केंद्राचे उदाहरण घ्यावे. एकच मोठा तक्ता करून त्यात शेतकऱ्याचे नाव, वजन, प्रत, दर, ‘हप्ता 1’, ‘हप्ता 2’ असे रकाने आखण्याचा मोह होतो. तिसरा हप्ता द्यावयाचा झाला की रकाना संपतो. शेतकऱ्याने तीनदा गाडी आणली की नाव, गाव व बँक खाते तीनदा लिहिले जाते आणि एखादे वेळी चुकते. म्हणून शेतकरी, आवक आणि चुकारा असे तीन तक्ते निराळे ठेवावेत. आवकेच्या प्रत्येक ओळीत शेतकऱ्याचा क्रमांक, चुकाऱ्याच्या प्रत्येक ओळीत आवकेचा क्रमांक असावा. मग हप्ते कितीही होवोत. दरही आवकेच्या ओळीतच, त्या दिवसाचा म्हणून नोंदवावा. दरपत्रकातून दर वेळी नव्याने घेतल्यास उद्याच्या दराने कालचा हिशेब बदलेल.

व्यवहार पुरा व्हावा किंवा मुळीच होऊ नये, ही सोय प्रणालीत असलीच पाहिजे. चुकाऱ्याची नोंद होत असतानाच वीज गेली, तर अर्धवट नोंद राहता कामा नये. साध्या कोष्टक-पत्रकात हे संरक्षण नसते.

प्रणालीची निवड त्यानंतर. एका टेबलावर एकच कारकून नोंदी करीत असेल, तर एसक्यूलाइटसारखी एका फाइलीत मावणारी प्रणाली पुरते. पांढरकवडा, वणी, पुसद अशा केंद्रांवरून एकाच वेळी नोंदी व्हावयाच्या असतील, तर पोस्टग्रेएसक्यूएल अथवा मायएसक्यूएलसारखी सर्व्हरवर चालणारी प्रणाली घ्यावी. या तिन्हींना परवाना शुल्क भरावे लागत नाही. मात्र देखभाल करणारा माणूस लागतो, आणि त्याची तरतूद अंदाजपत्रकात अनेकदा नसतेच. मराठी मजकूर युनिकोडमध्येच साठवावा. जुन्या फाँटमध्ये साठविलेली नावे शोधताना व जुळविताना अडचण येते.

शेजारच्या वर्धा जिल्ह्याचा समावेश 1988-89 मध्ये भूमी अभिलेख संगणकीकरणाच्या केंद्रीय प्रायोगिक योजनेतील आठ जिल्ह्यांत झाला होता. राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 मध्ये उपलब्ध झाला. मधल्या तीस वर्षांतील बरेचसे श्रम यंत्रापेक्षा कागदावरील नोंदी तपासून दुरुस्त करण्यात गेले. संस्थेने जुन्या वह्या संगणकावर चढविताना एका गावाच्या नोंदी आधी पूर्ण कराव्यात, त्या खातेदारांना वाचून दाखवाव्यात आणि दुरुस्त्या झाल्यावरच पुढचे गाव हाती घ्यावे.